रोज एक फोटो

"हॅलो?… कोण, खारू? अगं, तुझा आवाज तुटतोय. जरा खिडकीशी ये… हां, आता आलीस."

आत्याच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट होतं. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून ती सोलत राहिली. भाचीचा फोन या वेळी येत नसे. पण भावजय, खारूची आई, गेल्यापासून या घरात कशाचं आश्चर्य वाटणंच बंद झालं होतं.

"आधी श्वास घे. काय नाहीसं होतंय?… फोटो?… तुझ्या टॅबवरून? आपोआप कसे जातील, बाळा, चुकून हात लागला असेल… नाही लागला. बरं, नाही लागला… डोळ्यांदेखत?… आत्ता आणखी एक गेला?"

सोलणारा हात थांबला.

"कुठले जातायत ते सांग. सगळे की निवडक?… दवाखान्यातले. फक्त दवाखान्यातलेच?… समुद्राजवळचा बघ, आईची टोपी उडाली तो… तो आहे. हं."

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे खारूचे बाबा, शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर पाठमोरा बसला होता. यंत्रावर झाकण. पडदे शिवणाऱ्या माणसाच्या मांडीवर कापड नव्हतं, हातात फोन होता. अंगठा हलला. थांबला. पुन्हा हलला.

"चोरबीर कुणी नाही गं. खातं कुणी फोडलेलं नाही. तुझे बाबा आहेत… हो, तुझेच बाबा. इथे बसून पुसतायत… अगं ऐक ना… ऐक… ओरडून माझा कान फुटेल, फोटो परत यायचे नाहीत. थांब, विचारते. ठेवू नकोस."

ती दाराशी गेली.

"काय रे, जागा संपली म्हणून काढतोयस का?… मग?… हं… हं… बरं."

त्याचं उत्तर जेमतेम दोन वाक्यांचं होतं. तिनं दार हळूच लोटून घेतलं आणि परत येऊन बसली.

"आहेस?… मलाही आधी तसंच वाटलं होतं, जागा भरली असेल. गिऱ्हाइकं त्याला खिडक्यांचे फोटो पाठवतात… नाही, तसं नाहीये. तो म्हणतो, कुणाच्या खिडकीचं माप बघायला फोन उघडावा, तर नळ्या लावलेली तीच समोर येते… विसरायचं म्हणून नाही गं पुसत. तूच म्हणायचीस ना, बाबा, रोज एक फोटो पाठवा… मी बोल लावत नाहीये, खारू. तुला येता येत नव्हतं, तू मागणारच. मी एवढंच सांगतेय, की तो फोटो काढायचं काम त्याच्याकडे होतं. रोज तिला 'जरा इकडे बघ' म्हणायचं. ती तुझ्यासाठी हसायची. आणि काढून झाला की…"

आत्यानं एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली.

"आहेस ना?… हं… कळतंय गं. तू इथे नव्हतीस, तुझ्याकडे त्या दिवसांतलं तेवढंच आहे. आणि त्याच्याकडे नको तेवढं आहे… कोण चुकलं म्हणतेस? कुणीच नाही. चूक आपल्या सगळ्यांची मिळून एकच आहे, ती सांगते. टॅब खाली ठेव आणि ऐक."

आता तिचा आवाज बदलला. दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवताना तो तसा व्हायचा. समोरचा रडत असो, चिडलेला असो की नाक पुसत असो, या आवाजाला घाई म्हणून ठाऊक नव्हती.

"तुझ्या आईनं ती क्लाउडवरची जागा घेतली. मोबाइलचा दुकानदार म्हणाला, घरातल्या सगळ्यांत वाटून घेता येते. मग तिनं काय केलं? आपलंच खातं तुझ्या टॅबवर घातलं, आपलंच बाबाच्या फोनवर घातलं, आणि म्हणाली, झाली वाटून. वाटली कुठे? वाटणं म्हणजे चूल एक आणि ताटं वेगळी. आपण सगळे एकाच ताटात जेवत बसलो. एकानं नको म्हणून काढलं, की सगळ्यांच्या पुढचं गेलं… हो, म्हणून. त्यानं इथे पुसलं की तुझ्याकडचं जातं… त्याला कुठे माहीत आहे हे! तो आपल्या फोनातलं काढतोय. तुझ्याकडचे तुझ्याकडे आहेत असंच धरून चाललाय… नाही, आत्ता नको सांगायला. कळलं की तो थांबेल. तुला हवेत म्हणून जन्मभर जवळ ठेवेल, आणि रोज बघेल. चालेल तुला तसं?… मग मी सांगते तसं कर."

तिनं ताट बाजूला सारलं.

"कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसतंय? तिथे जा. पुसलेले काही आठवडे तिथेच पडून असतात… आहेत? सगळे?… थांब, थांब, परत आणू नकोस! तू आणलेस की त्याच्याही फोनात उगवतील. जरा दम धर."

ती पुन्हा आत गेली. "दे रे तुझा फोन जरा… अरे, माझा कानाला चिकटलाय म्हणून तर तुझा मागतेय."

त्यानं दिला. का म्हणून विचारलं नाही. हल्ली तो जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा.

"झालं. विमानाचं चित्र दाबलंय, आता त्याचा फोन बहिरा. आण परत… आले?… आत्ता बघत बसू नकोस गं, मग बघ. तुझं स्वतःचं खातं आहे ना, नोकरीच्या अर्जासाठी काढलेलं?… ते तुडुंब भरलंय, ठाऊक आहे. म्हणून आधी तुला आईच्या त्या जागेच्या योजनेत घ्यायचं. आईच्या खात्यात 'कुटुंब' लिहिलंय बघ. त्यात 'सदस्य जोडा'. तुझा ईमेलचा पत्ता घाल आणि पाठव… हो, स्वतःच स्वतःला. आपल्याच दाराची बेल आपण वाजवायची… मला कसं येतं? तुम्ही सगळे न वाचता 'पुढे, पुढे' दाबत सुटता, मी वाचते. शाळेतली बाई आहे मी… आलं तुझ्या मोबाइलवर?… मग वाच की… खारू?… काय लिहिलंय?"

पलीकडून एकच वाक्य आलं. आत्यानं ते तसंच्या तसं पुन्हा म्हटलं.

"'आई तुम्हाला तिच्या कुटुंबात सामील होण्याचं आमंत्रण देत आहे.'… हं."

सोललेला एक वाटाणा तिनं बोटांत धरला होता. तो कुठे ठेवायचा हे तिला काही केल्या सुचेना.

"नाव 'आई' असंच आहे होय तिथे?… तूच घातलं होतंस… हं… यंत्र आहे गं ते. ज्याचं खातं, त्याचं नाव घालतं… असू दे. बसू या जरा. घाई कुणाला आहे?"

बाहेर कुणीतरी सायकल उभी केली, कुलूप लावलं, निघून गेलं.

"खाली काय आहे?… 'स्वीकारा' आणि 'नको'. मग?… मला काय विचारतेस? दाब, बाळा… दाब… हं. झालं? जागा दिसतेय?… आता ते सगळे निवडून तुझ्या खात्याकडे पाठव, आणि तिथे गेल्यावर 'जतन करा' म्हण. नुसते दिसले म्हणजे आपले झाले असं नाही… वेळ लागतोय? लागू दे. जेवलीस का?… बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे… मी? मी ठीक. नाही, रडले नाही अजून. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय सगळं. चिमटा काढला तरी कळायचं नाही. उतरल्यावर दुखेल म्हणतात, बघू… आले सगळे? शेवटचा कुठला?… खिडकीकडे तोंड करून झोपलीय. बरोबर, तोच शेवटचा. आता पडताळा घेऊ. आईच्या खात्यातला एक पूस… अगं, घाबरतेस काय, पूस… आता तुझ्या खात्यात बघ. आहे?… आहे ना! झाली ताटं वेगळी."

दार करकरलं. भाऊ उंबऱ्यात उभा होता.

"थांब हं, खारू… काय रे?… ऐकलंस होय सगळं? या घराच्या भिंती म्हणजे नुसते पडदे… हो, तिच्याकडचेही जात होते… तुला काय ठाऊक, वेड्या. तुझा काय दोष… आता नाही जाणार. तिचे तिच्याकडे आहेत आता… हो, सगळे… शेवटचासुद्धा."

त्यानं हात पुढे केला. तिनं विमानाचं चित्र काढून फोन त्याला दिला. फोटो एकेक करून परत उगवू लागले. तो उभ्यानं बघत राहिला. अंगठा काचेच्या जरा वर धरलेला, टेकत मात्र नव्हता. मग तो काहीतरी पुटपुटला.

"खारू… तो विचारतोय, आता पुसू का?"

तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"हं… हं… बरं, सांगते."

तिनं फोन कानापासून दूर केला. "हो म्हणाली रे. आणि तुझं होईपर्यंत थांबते म्हणतेय."

तो स्टुलावर जाऊन बसला. आत्या फोन कानाशी धरून दारात उभी राहिली. पलीकडे भाचीचा श्वास ऐकू येत होता. इकडे अंगठा हलत होता, थांबत होता, हलत होता. मग थांबला. त्यानं फोन यंत्राच्या झाकणावर पालथा ठेवला.

"झालं गं त्याचं… हो… हो, बसलाय… ठेव आता."