एक तार, दोन कंपन्या

हामामात्सुतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नंबराची चिठ्ठी धरून बसलेल्या निशिओबाईंना काउंटरवरच्या सासू-सुनेचं बोलणं आयतंच ऐकू येत होतं.

"आईंचं इंटरनेट संध्याकाळी नुसतं रांगतं. मला माझी वेगळी कंपनी हवीय."

"होईल की, ताई. घरात येणारी तार एकच, कंपन्या दोन," विक्रेता म्हणाला.

"घर एक, पण हिचं स्वयंपाकघर वेगळं, बेल वेगळी, न्हाणीघर वेगळं. आता हेही!"

"आई, तुमचं आहे तसंच राहील."

"आणि एक कंपनी बंद पडली, तर तेवढ्यापुरतं दुसरीवरून चालवता येतं," विक्रेत्याने समजावलं.

"म्हणजे गिझरसारखंच. हिचा बिघडला, तेव्हा अकरा दिवस माझ्याकडे आंघोळीला येत होती."

"नवव्या दिवशी दुरुस्त झाला होता, आई."

"मला काय ठाऊक नव्हतं? तरी पुढचे दोन दिवस टब भरून ठेवलाच ना!"