कुंकवानं भरलेली खाच

मंडळी, आज आधी एक प्रश्न विचारतो, मग गोष्ट. एखादी गोष्ट जागची हलत नाही. दार असो, माणूस असो! तेव्हा आपण काय करतो? बोला की! जोर लावतो. नाही हललं तर? आणखी जोर! तरीही नाही? मग शिव्या! ते खांबाला टेकलेले आबा हसले बघा. म्हणजे अनुभव दांडगा आहे!

आता सांगा, दोष कुणाचा? न हलणाऱ्याचा, की हलवणाऱ्याचा? थांबा, घाईनं उत्तर देऊ नका. घाईनंच तर सगळा घोटाळा होतो. ऐका.

आजऱ्याच्या अंगाला हाळदरी नावाचं गाव. तिथं धोंडीराम चौगुले नावाचा गिरणीवाला. पिठाची गिरणी, मजबूत दंड, आणि ताकदीचा अभिमान दंडाहून मजबूत! त्याची बायको अनुसया सरकारी आरोग्यसेविका. गाव तिला सिस्टर म्हणतं. महिन्यातून एकदा ती घाटावरच्या धनगरवाड्यावर लहान लेकरांना लस टोचायला जायची. तिथं एसटी जात नाही. धोंडीराम मोटारसायकल चालवणार, ती मागं बसणार, मांडीवर लशीची निळी पेटी. पेटीत बर्फ. बर्फ आहे तोवर लस जिवंत! आत तापमान आठ अंशांच्या वर गेलं की ती लस टाकून द्यायची.

त्या दिवशी सतरा लेकरांची यादी. आया डोंगर तुडवत अकरा वाजता शाळेजवळ जमणार. हिनं आठ वाजता पेटी उचलली, ह्यानं गाडी काढली, पुढचा ब्रेक दाबला, आणि दांडा सरळ मुठीला जाऊन टेकला! ब्रेक गायब!

"ऑईल कमी झालंय गं," धोंडीराम म्हणाला. "मागच्या ब्रेकवर जाऊ की हळूहळू."

"घाटातनं? म्हणजे मी, तुम्ही आणि सतरा लेकरांची लस, सगळे एकदमच दरीत!"

बरोबर बोलली का नाही? मेकॅनिक तालुक्याच्या बाजाराला गेलेला. शेजारच्या पांडबाची गाडी त्याचा पुतण्या घेऊन गेलेला. घरात ब्रेक ऑईलची नवी बाटली मात्र होती. हँडलवर ऑईलची छोटी डबी असते, तिचं झाकण दोन स्क्रूंनी बसवलेलं. दोन! दोन स्क्रू काढायचे, ऑईल भरायचं, निघायचं. पाच मिनिटांचं काम!

मंडळी, "पाच मिनिटांचं काम" म्हणणाऱ्या माणसाच्या आसपास उभं राहू नये.

धोंडीरामानं कपाटातला स्क्रू ड्रायव्हर आणला. कुठला? जो प्रत्येक घरात एकच असतो! त्यानंच रंगाचा डबा उघडायचा, त्यानंच खिळा उपसायचा, त्यानंच कुकरची मूठ आवळायची. टोक झिजून गोटीसारखं गोल. तो स्क्रूवर ठेवला, दंड फुगवला, फिरवला – कर्रर्र! टोक निसटलं. परत – कर्रर्र! स्क्रू तिथंच. त्याच्या चौफुलीच्या खाचेच्या कडा मात्र झिजायला लागल्या.

"जोर कमी पडतोय, धोंडीबा!" कुंपणावरून पांडबा बोलला. (असा एक पांडबा प्रत्येक कुंपणावर असतो. गाडी त्याची नसते, सल्ला त्याचा असतो!)

"जोर? मला जोर शिकवतोस?" – कर्रर्र! आता खाच गेलीच. भोक उरलं, गुळगुळीत, वाटीसारखं. धोंडीरामाचा हात घसरून बोटाला लागलं. रक्त! मग स्क्रूच्या आईबापापर्यंत सगळ्यांची आठवण झाली. आता मला सांगा, स्क्रूला आई असते का?

नऊ वाजले. अनुसयेनं पेटीचं झाकण उघडलं नाही, नुसता बाहेरून हात लावून बघितला. उन्हं अंगणात आली होती. तिनं पेटी सावलीत, माठाशेजारी नेऊन ठेवली. आणि धोंडीराम दुसऱ्या स्क्रूकडे वळला! तेच हत्यार! तोच जोर! अरे बाबा, एक स्क्रू मारलास, त्यातनं काही शिकलास का? नाही! आपण कोण शिकतो म्हणा.

"थांबा," अनुसया म्हणाली.

"तू लांब हो. हे बायकांचं काम नाही."

"व्हय का? दीड महिन्याच्या लेकराच्या मांडीत सुई घालते मी. मांडी केवढी? माझ्या तीन बोटांएवढी. तिथं जोर लावला तर काय होईल? बघू द्या मला."

तिनं त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, वाकली आणि दुसऱ्या स्क्रूकडे नुसतं बघितलं. मंडळी, सकाळपासून त्या स्क्रूकडे कुणीही बघितलं नव्हतं! त्याच्यावर सगळे तुटून पडले होते, पण बघितलं कुणी नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "ह्यात खाच कुठाय? हे तर लाल दिसतंय."

पदराची पिन काढली. हळूच टोकरलं. लाल भुकटी निघाली. खाली पिवळी. परत लाल, परत पिवळी. कुंकू, हळद, कुंकू, हळद! नऊ दसऱ्यांची पूजा! दर दसऱ्याला धोंडीराम गाडी धुऊन, हार घालून, हँडलवर मनोभावे हळदकुंकू लावायचा आणि वर नारळाचं पाणी ओतायचा. ते सगळं त्या वर तोंड असलेल्या खाचेत जाऊन घट्ट बसलं होतं.

आता हिशेब करा. खाच खोल समजा दोन मिलिमीटर. त्यात दीड मिलिमीटर कुंकू. मग टोकाला धरायला उरलं किती? अर्धा! त्यात टोक झिजलेलं. तुम्ही भीमाला जरी आणलंत, तरी निसटणारच! शिवाय नारळाच्या पाण्यात क्षार. लोखंडाचा स्क्रू, ॲल्युमिनियमची डबी, मधे खारट ओल – दोन्ही एकमेकांना खातात आणि चिकटतात. म्हणजे कोंडी कुणी केली? धोंडीरामानंच. तीही भक्तिभावानं!

पिनेनं खाच मोकळी झाली. फडक्यानं भुकटी टिपली, कारण ती ऑईलमध्ये पडली तर आणखी पंचाईत. अनुसयेनं शिलाई मशिनच्या खणातला, धोंडीरामाला ठाऊकच नसलेला, नवा, धारदार चौफुली टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणला. तेलाचा एक थेंब सोडला, पाच मिनिटं थांबली. (थांबली! धोंडीराम तेवढ्यात अंगणात सात येरझाऱ्या घालून आला.) मग टोक खाचेत बसवून, मुठीवर हातोडीची एक हलकी टिचकी. फिरवलं. टक्! दुसरा स्क्रू सुटला.

पण पहिला? त्याची खाच तर ह्या पहिलवानानं आधीच संपवली होती. पिनेनं काय टोकरणार?

"हातोडा घाल," कुंपणावरून आवाज आला.

धोंडीरामानं हातोडा उचललाच होता. अनुसया शांतपणे म्हणाली, "गिरणीच्या दगडाला टाकी लावताना असाच हाणता का?"

हातोडा वरच राहिला.

गिरणीचा दगड झिजला की त्यावर पोलादी टाकीनं टोचे मारतात, त्याला म्हणतात टाकी लावणं. जोरात मारलं तर दगड फुटतो. हळू, नेमकं, एकाच तालात मारावं लागतं. धोंडीराम वीस वर्षं ते करत होता. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नव्हता! पण अंगणात आल्यावर आपलंच कसब विसरला.

गिरणीत गेला, टाकी घेऊन आला. स्क्रूच्या डोक्याच्या कडेला तिरकी टेकवली, सुटायच्या दिशेनं. टुक. टुक. टुक. कडेला बारीक खाच पडली. टुक. टुक. पांडबा कुंपणावरून वाकून बघायला लागला! आणि तो अडेलतट्टू स्क्रू केसभर सरकला. मग आणखी केसभर. धोंडीरामानं उरलेला बोटांनी काढला आणि बायकोच्या तळहातावर ठेवला.

ऑईल भरलं, दांडा दाबून दाबून हवेचे बुडबुडे काढले, दांडा कडक झाला. सुटलेला चांगला स्क्रू आणि शिलाई मशिनच्या खणातला त्याच मापाचा दुसरा, दोन्ही बसवले. वाडीवर पोहोचायला पावणेबारा वाजले. अनुसयेनं पेटी हलवली. आत बर्फ खुळखुळला! सोळा लेकरांना लस मिळाली. सतरावी? तिची आई वाट बघून उन्हातनं परत गेली होती. मग दोघं दीड मैल चालत तिच्या गवताच्या झापापर्यंत गेले. पेटी धोंडीरामाच्या खांद्यावर.

पुढचा दसरा आला. गाडी धुतली, हार घातला. नारळ बाजूला दगडावर फोडला. कुंकवाचं बोट हँडलकडे निघालं आणि अर्ध्यात थांबलं. त्यानं दाराकडे बघितलं. अनुसया उभी होती.

"लावू नको म्हणतेस?"

"लावा की. खाच सोडून लावा."

मंडळी, तिनं पूजा बंद करा म्हटलं का? नाही! खाच सोडा म्हटलं. तुमच्या घरात कोण हलत नाही? सून बोलत नाही, मुलगा ऐकत नाही, भावाचं तोंड चार वर्षांत वळलेलं नाही. त्याच्या खाचेत काय भरलंय, बघितलंत कधी? तुमचाच उपदेश! "तुझ्या भल्यासाठीच सांगतो" – दर सणाला एक थर! प्रेमानं भरला असेल, पण भरलात तुम्हीच. आणि आता म्हणता, हा माणूस कसा वळत नाही!

येताना मंडपाबाहेर मी मोजल्या, एकतीस मोटारसायकली. तेवीस हँडलांवर वाळलेले हार. आरती झाली की आपापल्या ब्रेकचा दांडा दाबून बघा. आणि घरी ज्याच्यावर ओरडून इथं येऊन बसलात, त्याच्यासमोर दोन मिनिटं गप्प बसा. जोर नको. नुसतं बघा.

आता देवाचं नाव घेऊ. पण मृदंगवाले, जरा बेतानं! त्या टाकीसारखं. हलकं, नेमकं, न थांबता.