विचारणारी आणि न विचारणारा

२०२४ चा उन्हाळा. तासगावात बेदाणा शेडवर वाळत होता आणि मला क्रिप्टो घ्यायची अवदसा आठवली. माझा माल अजून विकायचा होता, म्हणून माझा मित्र आदगोंडा याच्याकडून पन्नास हजार उसने घेतले आणि सांगली गाठली.

पहिल्या ऑफिसात सरकारी नोंदणीचा कागद भिंतीवर होता. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, आधार, पॅन द्या. आणि हे पैसे कुठनं आणले तेबी सांगा. नियम हाय."

"मला विचारतीस? दरोडा घातलाय व्हय मी?"

"आवं, समद्यांनाच विचारतो."

"मग समदे चोर असतील!" म्हणून मी उठलो.

समोरच्या ऑफिसातला पोरगा बघताक्षणी पाया पडला. त्याने खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, चहा पाजला. विचारलं काहीच नाही. "माणूस वळखतोस गड्या," म्हणालो आणि पैसे त्याच्या हातात ठेवले. पावती मागणं मला हलकं वाटलं.

आठवड्यात त्याचं शटर पडलं, ते पुन्हा उघडलं नाही. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "त्याच्याकडं परवाना होता का?"

"विचारलं न्हाई."

"नाव काय त्याचं?"

"तेबी न्हाई विचारलं."

"का वो, आजोबा?"

"त्यानं मला काय विचारलं न्हाई. मग मी त्याला कुठल्या तोंडानं विचारू?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

त्या महिन्यात बेदाणा विकला आणि आदगोंडाचे पन्नास हजार त्याच्या हातात दिले.