जाळं कोणं कापलं

(मोहल्ल्यातलं अंगण, सकाळ. सत्तरी ओलांडलेले इस्तारी खाटेवर बसलेले. बायको गिरजा शिंगाडे सोलते आहे. नात भाग्यश्री वही घेऊन उंबरठ्यावर.)

इस्तारी : ...अन् मंग मी तोंडात विळा धरला अन् तलावात उडी मारली. लिवलं काय?

भाग्यश्री : लिवलं आबाजी. पण मागच्या खेपेस विळा कमरेले होता.

इस्तारी : पोहताना कमरेचा विळा पोटात घुसन. तोंडातच लिव.

गिरजा : तोंडात विळा धरून ठेकेदाराले भाषणबी देल्लं.

इस्तारी : ते विळा काढून देल्लं.

भाग्यश्री : आजी, हसू नको. ठेकेदाराचं जाळं कापलं अन् रानतलाव मोहल्ल्याच्या हाती आला, त्याले आज पन्नास वर्सं झाली. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावर नाटक हाय, सारा गाव येऊन राह्यला. मोहल्ल्यातला धनराज पोट्टा आबाजी बनते. त्याचं एकट्याचंच बोलणं दोन पानं झालं.

गिरजा : अन् आमी बायका काय करतो त्या नाटकात?

भाग्यश्री : पाळीवर उभ्या राहून रडता.

गिरजा : काऊन?

भाग्यश्री : आबाजीनं सांगितलं तसं लिवलं.

गिरजा : बरं.

भाग्यश्री : पण एक गोष्ट जमून नाई राह्यली. आबाजी, ठेकेदार आपले माणसं अन् जाळं घेऊन आला तो दिवस कोणता?

इस्तारी : आमचं लगन झालं त्या वर्सी, भाऊबीजेचा दुसरा दिवस. पक्कं. आज्या-पंज्यापासून त्या तलावात मासोळी आपण धरून राह्यलो, अन् हा कागद दाखवून म्हणते, तलाव माहा.

भाग्यश्री : अन् पोंभुर्ण्याच्या मंडईच्या जत्रेत तुमची रातभर दंडार झाली, तुमी राणी बनले होते, ते कधी?

इस्तारी : त्या दंडारीचं काय सांगू बाई. हिरवं लुगडं, नाकात नथ. पुढं बसलेला एक पाटील पुसते, हे बाई कोणत्या गावची? दिवस निघेपर्यंत एक माणूस जागचा हालला नाई.

भाग्यश्री : कोणत्या वर्सी?

इस्तारी : लगन झालं त्याच वर्सी. भाऊबीजेच्या दुसऱ्या...

भाग्यश्री : दुसऱ्या दिवशी.

इस्तारी : ...आसपास.

गिरजा : शिंगाडा खाय वं भाग्यश्री. कवळा हाय.

भाग्यश्री : पोंभुर्णा म्हणजे सायकलनं सारा दिवस जाते. मी काल रुखमाबाईकडे गेली होती. ती म्हणे, इस्तारी तवा गावातच नव्हता.

इस्तारी : रुखमाबाईले सकाळी काय खाल्लं ते आठवत नाई.

भाग्यश्री : म्हणून पत्रूभाऊलेबी पुसलं. तो तुमच्यासंगं दंडारीत राजा होता ना.

इस्तारी : काय म्हणे पत्रू?

भाग्यश्री : म्हणे, अशी राणी पुन्हा भेटली नाई.

इस्तारी : गिरजा, चहा मांड वं.

गिरजा : आत्ताच पेले तुमी.

भाग्यश्री : मंग जाळं कापलं कोणं?

इस्तारी : सांगून टाक तिले. आता कोणता शिपाई येते.

गिरजा : मी कापलं.

भाग्यश्री : तू?

गिरजा : लगनाले सहा महिने झाले होते. अर्धे माणसं मंडईले गेलेले, उरलेले पाळीवर ठेकेदाराशी बोलून राह्यले होते. बोलूनच राह्यले होते. तवा आमी चौदा बायका पाण्यात उतरलो, गळ्यापर्यंत. तरी ठेकेदाराच्या माणसाईनं जाळं ओढलं, आमच्या अंगावरून. माह्या पायात गुतलं. धान कापाचे दिवस, विळा संगं होता. पायापुरतं कापाले गेली, मंग हात थांबलाच नाई. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भाग्यश्री : अन् रडल्या?

गिरजा : ठेकेदाराच्या हातात दोरीच उरली. रुखमाबाई हसता हसता पाण्याखाली गेली. केस धरून वर काढलं तिले.

भाग्यश्री : आबाजी, अन् तुमी सारं आपल्या नावावर केलं?

गिरजा : त्याईले बोलू नको. अर्धं ऐकून बोलत नाई. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. साऱ्या मोहल्ल्याले इथी बसवलं अन् पुसलं, कोणं कापलं. कोणी तोंड नाई उघडलं. तवा हे आले पोंभुर्ण्याहून. डोळ्यातलं राणीचं काजळबी पुसलं नव्हतं. सायकल भितीले टेकवली, माह्याकडे पाह्यलं अन् म्हणाले, मी कापलं.

भाग्यश्री : तुमाले कसं कळलं आबाजी?

इस्तारी : तिच्या हाताले दोरीचे वळ होते. दोन्ही हाताले.

भाग्यश्री : मंग?

इस्तारी : मंग ठाण्यात नेलं. तिथी पुसते, कसं कापलं? मले काय मालूम कसं कापलं. मी त ठेकेदाराचं ते जाळंबी पाह्यलं नव्हतं. म्हणलं, उडी मारली. विळा कुठी होता? म्हणलं, तोंडात. दोन दिवस तेच तेच सांगितलं. घरी आलो त मोहल्ल्यातले पोट्टे पुसाले लागले, त्याईलेबी तेच सांगितलं. सांगता सांगता मलेच पाण्याची थंडी वाजाले लागली.

भाग्यश्री : आजी, तू पन्नास वर्सं काऊन नाई बोलली?

गिरजा : सुरवातीले पोलिसाचा भेव होता. मंग ऐकाले मजा ये. दरवर्सी विळा नव्या जागी राहे.

भाग्यश्री : आता मी काय करू? धनराजनं सारं पाठ केलं.

इस्तारी : धनराजले सायकल दे. तिसऱ्या दिवशी येऊ दे त्याले. ठाण्यातलं तेवढं ठेव, ते खरं हाय.

भाग्यश्री : अन् तलावातलं? आजी, तू सांगशील माईकवर? नाटक नको, नुसतं सांग.

गिरजा : मले नाई जमत बापा. एवढ्या माणसात.

इस्तारी : मी बसतो तुह्याजवळ.

गिरजा : तुमी काय सांगान? तुमी होते कुठी तिथी?

इस्तारी : सांगाले नाई बसत. पन्नास वर्सं मीच बोलून राह्यलो. पुरं असं मी बी कधी ऐकलं नाई.