रुई-धोतऱ्याचं मडकं

मी मूळची पिंपळनेरकडली, लगीन होऊन धरणगावच्या बाजूला आली. मायच्या घरी परसात एक मडकं व्हतं, त्यात रुईचा पाला, धोतऱ्याचा पाला न् गोमूत्र, पंधरा पंधरा दिवस सडायचं, वास इतका घान की खाल्लेलं वर यायचं. पन कापसावर मावा पडला की तेच गाळून, पान्यात घालून शिंपडायचं. माय म्हने, जहर शे ते, पोरांले जवळ येऊ देऊ नको.

इथं आली तं बठ्ठे, समदे गाववाले, दुकानातलं औषध फवारत. ते फवारून आमचे मालक दोनदा ओकून ओकून निपचित पडले, मंग मीच मडकं मांडलं. सासू म्हने, काय ही घान दारात! मी म्हनली, नाक दाबा आत्याबाई, पन तुमचा लेक उभा राहीन.

मंग काय सांगू भाऊ तुमले, मना दीर भिका, त्याले त्यात धंदा दिसला. मना मडक्यातलं नेऊन बाटल्या भरे, वर पानाचं चित्र चिटकवे न् बाजारात विके. बाया इचारत, अक्का, तुमचंच शे ना, मी हो म्हने, मालेबी बरं वाटे. एक दिस शेजारची लीला भिकाची बाटली फवारून आली न् अंगनातच पडली, तोंडाले फेस, लुगडं बठ्ठं घान झालेलं, सून रडत रडत पुसे. तिले दवाखान्यात पाठवलं न् मी ती बाटली हुंगली. मना मडक्याचा वास माले ठावका शे, हा तो नव्हताच, दुकानातलं जहर व्हतं. भिकाले धरलं तं म्हने, वहिनी, तुमच्या पाल्यानं किडा हळू मरतो, गिऱ्हाईक थांबत नही, म्हनून दुकानातल्या औषधाची दोन झाकनं टाकतो. चहा फुर्र फुर्र पित म्हने, हासत! माले त्याची किळस आली, त्याच्या ओल्या मिशीची किळस आली, न् बायांले हो हो म्हननाऱ्या मना तोंडाची बी.

बाटली मीच डॉक्टरले नेऊन दाखवली. मंग भर बाजारात उभी राहिली न् बठ्ठ्यांले सांगितलं, नाव मनं शे, जहर याचं शे, नेलेल्या बाटल्या परत आना.

भिका आते माले बोलत नही. मालक म्हनतात घरातलं घरात ठेवायचं व्हतं. मी मडकं मांडते, पन आमच्याच रानापुरतं, कोनाले थेंब देत नही. लीला चालते-फिरते, दारातून जाताना बोलते, पन मना हातचं पानी घेत नही, मी बी आग्रह करत नही. जगली ती. देवानं तिले अजून लई आयुष्य द्यावं, माले तेवढं पुरे.