पडदा स्वच्छ होता, समुद्र नव्हता

मंडळी, आज आधी तुम्हाला एक विचारते, मग टाळ वाजू देत. ज्याचं कामच बघायचं, त्यानं बघितलं नाही, आणि वर म्हणाला, "मला दिसलंच नाही!" तर ही चूक की पाप?

थांबा! इतक्यात माना डोलावू नका. आधी ऐका.

कोळशानं भरलेलं एक जहाज आपल्याच किनाऱ्यालगत चाललंय. जहाजावर पहारा असतो बरं का. पाळीपाळीनं एक अधिकारी वर काचेच्या खोलीत उभा राहतो. खाली बाकीचे जेवतात, झोपतात. कुणाच्या भरवशावर? त्याच्या! मी तर म्हणते, हे व्रतच. आणि व्रत मोडतं कशानं? फराळाचं चुकल्यानं? छे! बोटं माळेवर आणि मन भाजीच्या पातेल्यात, तिथंच मोडतं ते. हसू नका हो वहिनी, तुमचं-माझं सारखंच आहे!

तर त्या सकाळी पहाऱ्याला होता पराग खानविलकर. दारू? थेंबभर नाही. झोप? पुरेशी झालेली. परीक्षेत पहिला आलेला मुलगा! सोबतीला एक खलाशी, समोर नजर ठेवायला. तेवढ्यात खालून कप्तानांचा फोन — "उद्या बंदरात तपासणी आहे. कठडे रंगवून झाले पाहिजेत!"

पराग खलाशाला म्हणाला, "जा, रंगाचा डबा घे."

"साहेब, मग समोर कोण बघणार?"

"मी आहे ना! आणि हे आहे." असं म्हणून त्यानं रडारच्या पडद्यावर थाप मारली. जशी काही घरची म्हैस!

आता बघा, वारा सुटलेला. लाटा उसळल्या की त्यांचेही ठिपके पडद्यावर उमटतात. नुसती पुरळ उठल्यासारखा दिसतो तो. ते ठिपके कमी करायला एक कळ असते. बेतानं फिरवायची, आणि नजर बाहेर ठेवायची. हे त्याला ठाऊक नव्हतं? अहो, पेपरात लिहून मार्क मिळवले होते त्यानं! पण ठिपके डोळ्यांना खुपत होते. फिरवली कळ — पार शेवटपर्यंत! पडदा कसा, सारवलेल्या अंगणासारखा. "वा! समुद्र मोकळा!" म्हणाला, आणि बसला पाठ फिरवून उद्याच्या तपासणीचे कागद लावत.

अरे, समुद्र मोकळा नव्हता! तू मोकळा केलास! लाटांबरोबर एक लाकडी होडीही पुसलीस. मोठ्या जहाजांची नावं पडद्यावर आपोआप येतात. जनू तांडेलच्या त्या मासेमारी होडीचं नाव कोण उमटवणार?

होडीत दोघंच. जनू आणि त्याचा मेव्हणा सहदेव. जाळं पाण्यात पसरलेलं, होडी त्याला बांधलेली. हलणार कशी? सहदेवला जहाज दिसलं.

"भावोजी, तो आमका बघता मां?"

जनू हसला. "बघीत नसात कसो? केवढी मोठी काच आसा तेका!"

काय विश्वास हो हा! काच आहे म्हणजे काचेमागे माणूस आहे, आणि माणूस आहे म्हणजे तो बघतोय! सहदेवनं सदरा काढून फडकावला. पातेल्यावर झाकण बडवलं. जहाज सरळ येतंय. जनूचं हसू मावळलं. नारळी पुनवेला हळदकुंकू वाहिलेलं नवं जाळं — त्यानं कोयता उचलला आणि सपकन कापलं! इंजिन सुरू केलं, होडी वळली... आणि जहाजाच्या लाटेनं ती उलटी केली.

सहदेवला दुसऱ्या होडीवाल्यांनी वर काढलं. जनू मिळाला नाही.

आणि जहाज? गेलं पुढे! परागनं चहा मागवला. त्याला पत्ताच नव्हता!

दुसऱ्या दिवशी बंदरात तपासणीवाले आले. कठडे चकचकीत! पण जहाजाच्या नाकावर, नांगराला अडकून काय लोंबतंय? जाळं! तरंगणाऱ्या गोळ्यांसकट. सारे कठडे रंगवले, पण पुढे वाकून कुणी पाहिलं नाही!

चौकशी झाली. पराग सांगतो, "पडद्यावर काहीच नव्हतं, साहेब."

"आणि खिडकीत?"

पुन्हा तेच — "पडद्यावर नव्हतं!"

जनूची बायको मंदा तिथं आली होती. ना रडली, ना ओरडली. परागसमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "माझो घोव तुमका दिसाक नाय, की तुमी बघूक नाय?"

मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या बाईनं दिलं. दिसलं नाही, ही चूक असेल. पण बघायचं काम अंगावर घेऊन पाठ फिरवायची? पाप! वर पुराव्याला पडदा दाखवायचा? मला राग येतो हो! उपासाच्या तोंडानं बोलते आहे, तरी येतो!

आणि तुम्ही सुस्कारे कसले टाकताय? तुमच्या घरात ही कळ नाही? सून गप्प झाली, दिसत नाही. म्हातारा दोन घास कमी जेवतो, दिसत नाही. खुपणारा ठिपका आला की फिरवली कळ, आणि म्हणायचं, "आमच्याकडे सगळं छान!" कुणाची होडी पुसली रे तुम्ही? घरी जाऊन बघाल, की जाळं लोंबायला लागल्यावर?

आता गजर करू. गजराला डोळे मिटायची सवय आहे आपल्याला. आज मिटायचे नाहीत! देव आतही आहे, पण आज तो शेजारी बसलाय. त्याच्याकडे बघत नाम घ्या. बघा, कोण आहे ते. नीट बघा!