ओलीवर रंग

सिस्टर : बसा ना, रंगारीकाका. उभं राहून उत्तर काही बदलणार नाही.

रंगारी : बरंय असंच. कपड्यांचा चुना खुर्चीला लागेल.

सिस्टर : तुमच्या सुनेचा दुसरा रिपोर्ट आला. स्वच्छ. एक्स-रे आधीच स्वच्छ होता. मुलाचंही तेच.

रंगारी : म्हणजे तिला नाहीच?

सिस्टर : नाही. आता मला सांगा, अकरा महिन्यांची तुमची नात चिमी, तिला टीबी दिला कुणी? ती काही पायांनी चालत बाहेर गेली नव्हती.

रंगारी : सुनेच्या शिलाई कारखान्यात साठ बाया बसतात. एक खोकली की...

सिस्टर : ती काय तो खोकला डब्यात भरून घरी आणते? तिला झाला असता, तरच तिच्याकडून चिमीला झाला असता.

रंगारी : माझाही रिपोर्ट स्वच्छच होता की.

सिस्टर : तुमच्या डबीत बेडका नव्हताच. नुसती लाळ. दुसऱ्यांदा मागितला, दुसऱ्यांदाही लाळ. आणि एक्स-रेला तर तुम्ही आलाच नाहीत.

रंगारी : नाही पडत बेडका. कोरडा खोकला आहे. तीस वर्षं टर्पेंटाइनचा वास घेतोय, दुसरं काय होणार?

सिस्टर : मग मघाशी जिन्याखाली जाऊन खोकलात, तेव्हा रुमालात काय दुमडून ठेवलंत?

रंगारी : पोलिसात हव्या होतात तुम्ही.

सिस्टर : घेतलं नाही त्यांनी. उंची कमी पडली. काका, थट्टा पुरे. चिमीच्या मेंदूच्या आवरणाला सूज आहे. पाठीतून पाणी काढलं, त्यातला जंतू उगवून यायला महिना-दीड महिना जाईल. तेवढे दिवस नाहीत तिच्याकडे. घरात आधी कुणी टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या असतील, तर नेहमीचं औषध त्या जंतूला लागू पडेलच असं नाही. डॉक्टरांना ते आज कळायला हवं. उद्या कळून उपयोग नाही.

रंगारी : मध्येच म्हणजे... किती महिन्यांनी?

सिस्टर : ते तुम्ही सांगा.

रंगारी : दोन. चार वर्षं झाली. दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून घेत होतो, कुणाला कळू नये म्हणून. पण सिस्टर, पार बरा झालो होतो हो! खोकला गेला, भूक लागायला लागली, थुंकीसुद्धा साफ आली.

सिस्टर : बरं वाटत होतं तुम्हाला. बरे झाला नव्हतात.

रंगारी : मग तो होता कुठे इतकी वर्षं?

सिस्टर : तुमच्याच राखणदारांच्या पोटात. अंगात अशा पेशी असतात, जंतू दिसला की त्याला गिळायचं आणि पोटातल्या आम्लात जिरवायचं, हे त्यांचं काम. हा टीबीचा जंतू मुकाट्याने गिळला जातो. पण आत गेल्यावर ते आम्ल स्वतःपर्यंत पोचूच देत नाही. तिथेच बिऱ्हाड थाटतो.

रंगारी : राखणदाराच्याच पोटात? मग बाकीचे काय करतात?

सिस्टर : भोवती जमतात, कडं करतात, गाठ बांधतात. त्यांना वाटतं, कोंडला. तो आत पडून राहतो, हालचाल नाही, वाढ नाही. गोळ्यांनी आधी मरतात ते वाढणारे जंतू. म्हणून दोन महिन्यांत माणूस टुणटुणीत होतो. झोपलेले उरतात, त्यांच्यासाठी असतात पुढचे चार महिने. पुढे वय होतं, साखर वाढते, कडं ढिलं पडतं. गाठ आतून नासते आणि फुटते. मग खोकला आला की घरभर.

रंगारी : साखर मला गेल्या वर्षी निघाली.

सिस्टर : माहीत आहे. आणि तान्ह्या मुलांचे राखणदार तर नवखेच असतात. त्यांना कडंसुद्धा नीट करता येत नाही. जंतू रक्तातून थेट मेंदूपर्यंत जातो.

रंगारी : ओल असलेल्या भिंतीला मी रंग लावत नाही, सिस्टर. मालक म्हणतो, पाहुणे यायचेत, मारून टाक दोन हात. मी ब्रश धुतो आणि घरी जातो. सहा महिन्यांत पापुद्रे निघतात, मला ठाऊक आहे ना. त्यापायी किती कामं घालवली मी! आणि स्वतःच्या अंगाला मात्र...

सिस्टर : का सोडल्यात गोळ्या?

रंगारी : मुलाची सोयरीक ठरत होती. मुलीकडचे घर बघायला येणार होते. उरलेल्या गोळ्या पुट्टीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या, वरून उरलेला रंग ओतला. सासऱ्याला टीबी आहे कळल्यावर कोण देतं मुलगी?

सिस्टर : आणि ही आली.

रंगारी : हीच आली. गुणाची पोर. ही कामावर गेली की चिमी माझ्या छातीवर झोपायची. मी खोकलो की हसायची. तिला तो खेळ वाटायचा.

(सून दारात येते. नाकातोंडावर मास्क.)

सून : सिस्टर, डॉक्टर विचारतायत, घरातलं काही कळलं का म्हणून. बाबा, तुम्ही जेवलात का? सकाळपासून असेच आहात.

सिस्टर : सांगा, काका. मी सांगणार नाही.

रंगारी : पोरी, तुझं काही नाही त्यात. ते मीच... चार वर्षांपूर्वी मला टीबी होता. गोळ्या सोडल्या. तुमचं लग्न मोडेल म्हणून लपवलं.

सून : तुम्हाला होता?

रंगारी : आताही आहे.

सून : मग कारखान्यातून मी आणलं, असं आमच्या यांना कुणी सांगितलं?

रंगारी : मीच सांगितलं.

सून : आठ दिवस हे माझ्याशी बोलत नाहीत. मला म्हणाले, तिला अंगावर घेशील तर याद राख. मीही घाबरून तोंड बांधून बसले. दूध आलं की न्हाणीघरात जाऊन पिळून टाकत होते, बाबा. तुम्ही बाहेर बाकावर बसलेले असायचात.

रंगारी : तू मला मार. काहीतरी कर.

सून : किती महिने घेतल्यात गोळ्या? डॉक्टरांना सांगायचंय.

रंगारी : दोन.

सून : नावं आठवतायत?

रंगारी : कागद आहे. आरशामागे खोचलाय. पोराला फोन कर, तो आणेल.

सून : फोन तुम्ही करा. तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना.

सिस्टर : काका, हा नवा मास्क बांधा आणि त्या खिडकीपाशी जाऊन फोन लावा. मग डबी देते. या वेळी छातीतून काढा. आणि तू ये बाई, डॉक्टरांकडे आधी आपण जाऊ.

सून : सिस्टर, माझा हा काढला तर चालेल ना आता? तिला माझं तोंड दिसेल.

सिस्टर : चालेल. पण तिची नजर अजून कुठेच ठरत नाहीये गं.

सून : माहीत आहे. तरी काढते.